कॉलेजात असताना सिबिल 'बनवायचा' म्हणजे नेमकं काय करायचं?

बार्शीची_ज्वारी

नमस्कार मंडळी. पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून तिघींनी मिळून खोली घेतली आहे. घरून महिन्याला ९,००० येतात. त्यातले खोलीचे ३,५००, मेसचे ३,२००. उरलेल्या २,३०० मध्ये बसपास, रिचार्ज, झेरॉक्स, जर्नल, बाहेरचं खाणं सगळं. २० तारखेनंतर मॅगी आणि आईला फोन.

पण खरा प्रश्न वेगळाच, सिबिलचा, म्हणजे कर्ज कसं फेडता त्यावरून मिळणाऱ्या स्कोअरचा. कॉलेजच्या फाटकासमोर छत्री लावून क्रेडिट कार्डवाले बसतात. "मॅडम, आत्ताच कार्ड घ्या, नोकरीला लागेपर्यंत सिबिल तयार." वर्गातल्या एकाने घेतलंय आणि आता तो सगळ्यांना पटवत फिरतोय. पप्पांचं किराणा दुकान आहे, उधारीची वही रोज डोळ्यांसमोर. त्यांचं उत्तर एका वाक्यात आलं: "त्या नादाला लागू नकोस." मग पुढे गाडी, घर, बाहेरचं शिक्षण यासाठी कर्जाची हिस्टरी लागते म्हणतात, ते खोटं का? कमाई नसलेल्या मुलीने यात पडावं का? आणि पडायचंच तर सुरुवात कुठून करायची?

शनिवारपेठी

पैसे २० तारखेला संपतात ना? कार्ड घेतलंत की १० तारखेला संपतील. विषय संपला.

बार्शीची_ज्वारी

@शनिवारपेठी, पाटी वाचली. आता उत्तरही द्या की :)

कर्जखाते_निवृत्त

ज्वारीताई, राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. आधी दोन-तीन गैरसमज काढू, मग सल्ला.

सिबिल हे सरकारी खातं नव्हे. कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत त्या चालतात. सिबिल त्यांतली सर्वांत जुनी, २००० सालची. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असला की कर्ज देणाऱ्याच्या कपाळावरची आठी जाते.

ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याला शून्य गुण मिळत नाहीत. त्याच्या नावापुढे 'माहिती नाही' अशी खूण येते, सिबिलमध्ये ती -१ अशी दिसते. म्हणजे पाटी कोरी, वाईट नव्हे. केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आलेलं आहे. संसदेतही सरकारने तेच सांगितलं. अर्थात, नाकारू नये म्हणजे मागाल तेवढं आणि मागाल त्या व्याजाने मिळेल असं नाही. पगार, नोकरी, तारण हे बघणारच. पण 'आत्ता कार्ड घेतलं नाही तर पुढे घर मिळणार नाही' ही भीती छत्रीवाल्यांच्या टार्गेटमधून आलेली आहे.

आणखी एक. बचत खात्यातली शिल्लक, यूपीआयचे व्यवहार, खोलीचं भाडं, मेस यांतलं काहीही या कंपन्या बनवतात त्या अहवालात जात नाही. तिथे जातात फक्त कर्जं आणि क्रेडिट कार्डं. तेव्हा आधी एक सांगा, शैक्षणिक कर्ज घेतलंय का? आणि तुमचा मोबाईल कसा घेतला?

बार्शीची_ज्वारी

काका, कर्ज घेतलंय, ४ लाखांचं. पप्पा सहकर्जदार आहेत. मोबाईल गेल्या दिवाळीत हप्त्यावर घेतला, सहा हप्ते, बिनव्याजी. माझ्याच पॅनवर, कारण पप्पांचा ओटीपी वेळेवर येईना. हप्ते फिटले.

कर्जखाते_निवृत्त

मग तुमची पाटी कोरी राहिलेलीच नाही! मोबाईलचे हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीने दिलेलं कर्ज. शैक्षणिक कर्ज तुमच्या नावावर आहे आणि वडिलांच्याही अहवालात दिसणार. तुम्ही विचारताय सुरुवात कुठून करू, सुरुवात होऊन वर्ष उलटलं.

बहुतेक मुलांचं असंच होतं. दुकानातला पोरगा टॅबवर फोटो काढतो, ओटीपी विचारतो, दहा मिनिटांत मोबाईल हातात. आपण कर्ज घेतलं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून नवीन काही घेण्याआधी अहवाल काढून वाचा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देणं चारही कंपन्यांवर बंधनकारक आहे, २०१७ पासून. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. पैसे मागणारी पानं मध्ये येतील, ती ओलांडून फुकटचा पर्याय शोधा, तो असतोच. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. घसरतो तो पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्यावर.

मेसची_थाळी

काकांनी मोठ्या गोष्टी सांगितल्या, मी २० तारखेचं बोलते. नारायण पेठेत राहून एमपीएससी करतेय, कॉट बेसिसवर. आमच्याकडे मेस, अभ्यासिका आणि खोली या तिघांचे पैसे १ तारखेलाच जातात, त्यामुळे हातात उरतं ते मोजकंच. ते उरलेलं एका खात्यात ठेवून त्याच खात्याला यूपीआय जोडलं की संपलंच. चहा वीस, वडापाव वीस, प्रिंट तीस. नोट मोडताना हात अडतो तसा स्कॅन करताना अडत नाही.

माझी पद्धत: घरचे पैसे आणि शिष्यवृत्ती ज्या खात्यात येते त्याला यूपीआय जोडलेलंच नाही. दुसरं शून्य शिलकीचं खातं आहे, त्यात दर सोमवारी आठवड्याचे पैसे टाकते. तुझ्या २,३०० मधून आधी बसपास, रिचार्ज काढ. समजा १,५०० उरले, तर आठवड्याला साधारण साडेतीनशे. गुरुवारी संपले तर शुक्रवार-शनिवार मेसच्या डब्यावर. आठवड्याचा खड्डा सोसता येतो, महिन्याचा नाही.

आणि शिष्यवृत्ती महिन्याच्या हिशोबात धरू नकोस. महाडीबीटीचे पैसे येतात, पण कधी येतील ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. आधार खात्याला जोडलेला आहे की नाही ते मात्र आजच बघ, निम्म्या मुलींचं तिथेच अडतं. वसतिगृह मिळालं नाही म्हणालीस, तर प्रवर्गाप्रमाणे निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, त्यात पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० पर्यंत, आणखी काहींसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तुझं कशात बसतं ते समाजकल्याणमध्ये किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचार.

शनिवारपेठी

थाळीताईंशी सहमत. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजनाही सांगायची राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते, कॉलेजमध्येच ग्रंथालयात, कार्यालयात काम मिळतं. फार मिळत नाही, पण २० ते ३० तारखेचं निघतं. आमच्या वेळी बागेत पाणी घालायला लावायचे. (अवांतर: ती झाडं अजून आहेत, माझे केस नाहीत.)

नाणेफेक

कार्डाबद्दल कुणी नीट लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो.

विद्यार्थ्याला साधं कार्ड सहसा मिळत नाही, कारण उत्पन्नाचा पुरावा नाही. मिळतं ते मुदत ठेवीवरचं. ठेव बँकेकडे अडकवायची, तिच्या ७५ ते ९० टक्के, कुठे कुठे १०० टक्केही मर्यादा मिळते. वय १८ पूर्ण आणि पॅन असलं की झालं. ठेवीवर व्याज चालू राहतं. काही बँका ५,००० च्या ठेवीवर देतात, बऱ्याच ठिकाणी १५-२० हजार लागतात. अहवालात ते इतर कार्डांसारखंच नोंदवलं जातं. छत्रीखालच्या माणसाला आधी विचारा: हे ठेवीवरचं आहे का, वार्षिक फी किती, कार्ड बंद करायचं तर कसं. तिसऱ्या प्रश्नाला तो चहा मागवेल.

मी काय करतो: ठेव १५,०००, मर्यादा १३,५००. महिन्याला वापर दोन-अडीच हजारांच्या वर नाही. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहा म्हणतात, ते इथे ४,०५० होतं. वापर म्हणजे मेस आणि रिचार्ज, जे खर्च असेही होणारच होते. मेसवाल्या काकांकडे व्यापारी क्यूआर आहे, रुपे कार्ड यूपीआयला जोडलं की त्यावर चालतं. मित्राच्या नंबरवर पैसे टाकायला ते चालत नाही, आणि ते बरंच आहे. बिल येतं त्याच दिवशी पूर्ण रक्कम आपोआप कटते, तशी सूचना बँकेला देऊन ठेवली आहे.

'किमान देय' हा शब्द दिसला की नजर वळवा. समजा १०,००० चं बिल आहे आणि तुम्ही किमान म्हणून ५०० भरले. उरले ९,५००. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज ३३२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६०. पुढच्या महिन्यात देणं ९,८९२. म्हणजे ५०० भरून कर्ज कमी झालं १०८ रुपयांनी. हा हिशोबही सौम्य आहे. थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून.

पप्पू_पासबुक

एवढं सगळं करून मिळतं काय तर एक आकडा. मी तिशीचा आहे, एकही कार्ड नाही, भिशी आणि पतसंस्था यावर दुचाकी घेतली. काय बिघडलं?

नाणेफेक

काही नाही बिघडलं. पण भिशी तुम्ही वीस वर्षं वेळेवर भरलीत तरी ते त्या अहवालात दिसणार नाही. गृहकर्जाला गेलात की तिथे तुमच्या वेळेवर भरण्याला साक्षीदार नाही, एवढंच.

पप्पू_पासबुक

आमच्याकडे गृहकर्जाला पतसंस्थेचे चेअरमन साक्षीदार असतात. (हलके घ्या.)

कर्जखाते_निवृत्त

नाणेफेक यांचं गणित बरोबर आहे. पण ज्वारीताईंच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं. त्यांच्याकडे आज अडकवायला १५,००० नाहीत. ते जमवायला पोटाला चिमटा घ्यायची किंवा घरी मागायची गरज नाही, कारण शैक्षणिक कर्ज हाच त्यांचा सर्वांत मोठा पुरावा ठरणार आहे. तो नीट सांभाळला तर कार्ड नोकरी लागल्यावर पहिल्या पगारावर मिळेल.

शैक्षणिक कर्जात हप्ते अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्षाने सुरू होतात. पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून मोजलं जातं, हे मुलांना कुणी सांगत नाही. या काळात ते सरळ व्याज असतं. १० टक्क्यांनी पूर्ण ४ लाख उचललेले असतील तर वर्षाचे ४०,०००. परवडत असेल तर शिकताना निदान व्याज भरत राहा. ते सगळं भरत राहिल्यास काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, ती मुदत त्यासाठीच आहे. शाखेत मात्र दोन गोष्टी विचारा: व्याज सवलतीच्या कोणत्या योजनेत आपलं कर्ज बसतं, आणि त्यासाठी दरवर्षी कोणता कागद द्यायचा. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. योजनेच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण व्याजमाफीची तरतूद आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत दिला नाही म्हणून सवलत गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

नोकरी लागून पत्ता आणि मोबाईल नंबर बदलला की बँकेला कळवा. पहिला हप्ता कधी सुरू झाला हेच न कळल्याने थकलेली खाती खूप असतात. मुलगी बंगळुरूला, पत्र बार्शीला, आणि वडिलांच्या दुकानाच्या कर्जाला अडचण, कारण सहकर्जदार तेही.

श्टुटगार्टचा_सदू

बाहेरच्या शिक्षणाचा उल्लेख आलाय म्हणून: भारतातला स्कोअर बरोबर येत नाही. इथे जर्मनीत शूफा नावाची वेगळी संस्था, सगळं पहिल्यापासून. पण थाळीताईंचा सोमवारचा नियम वाचून हसू आलं. इथे विद्यार्थी व्हिसासाठी ११,९०४ युरो अडकवलेल्या खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात. जर्मन सरकार आमची थाळीताई झालंय.

हॉस्टेलचा_खिडकीवाला

सगळे कार्डावर बोलताय, पण मुलांची खरी वाट लागते ती झटपट कर्जाच्या अ‍ॅपमध्ये. आमच्या मजल्यावरच्या एकाने ५,००० मागितले, हातात ३,४०० आले, बाकी 'प्रक्रिया शुल्क'. सात दिवसांत ५,०००. सातव्या दिवशी त्याच्या मावशीपासून सरांपर्यंत सगळ्यांना फोन. त्याने ते फेडायला दुसरं अ‍ॅप घेतलं, मग तिसरं.

कर्जखाते_निवृत्त

हा मुद्दा आणलात हे चांगलं झालं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत (आधी २०२२, मग २०२५) स्पष्ट आहे: पैसे कर्जदाराच्याच खात्यात थेट यायला हवेत. व्याज, शुल्क धरून वर्षाचा एकूण दर सांगणारा एक कागद आधी द्यायला हवा. विचार बदलला तर दंडाशिवाय कर्ज परत करायला मुदत हवी, ती किमान एक दिवस. आणि अ‍ॅपने तुमची संपर्क यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. संपर्क यादीची परवानगी मागितली की तिथेच अ‍ॅप काढून टाका. मान्यताप्राप्त संस्थांच्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून आहे, आधी तिथे नाव शोधा. धमक्या सुरू झाल्या असतील तर सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० वर फोन, आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार. त्या मुलाने घरी सांगितलं का?

हॉस्टेलचा_खिडकीवाला

सांगितलं, शेवटी. वडिलांनी भरले. मारलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

मेसची_थाळी

बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांसाठी: आयबीपीएसच्या जाहिरातीत गेली काही वर्षं कर्जाचा इतिहास चांगला हवा असं कलम असतं. परीक्षा पास, मुलाखत पास आणि रुजू होताना जुनी थकबाकी आडवी, असं व्हायला नको. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये 'नंतर पैसे द्या' म्हणून बटण असतं, तेही बऱ्याचदा कर्जच असतं. ३०० रुपयांचा कुर्ता घेऊन विसरलात तरी नोंद थकीत अशीच पडते.

बार्शीची_ज्वारी

सगळ्यांचे आभार, विशेषतः काका आणि थाळीताई. अहवाल काढला. शैक्षणिक कर्ज बरोबर दिसतंय, मोबाईलचं बंद झाल्याचं दिसतंय. दुसरं खातंही काढतेय. कार्ड सध्या नाही. पण खोलीतल्या मैत्रिणीचा अहवाल काढला तर त्यात दोन मोबाईल कर्जं! एक तिच्या मित्राला हवा होता म्हणून तिने स्वतःचं पॅन आणि ओटीपी दिला होता, त्याचे दोन हप्ते थकलेत. दुसरं तिला ठाऊकच नाही. आता काय करायचं?

कर्जखाते_निवृत्त

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका.

जे तिने घेतलंच नाही, त्यासाठी त्या माहिती कंपनीकडे ऑनलाइन हरकत नोंदवा आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा. पॅनचा गैरवापर असेल तर सायबर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत जोडा. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, या माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्यांच्या कक्षेत आहेत. बाकीच्या तीन कंपन्यांचे अहवालही काढून बघा, चूक एकीकडेच असते असं नाही.

जे मित्रासाठी घेतलं, ते कागदावर तिचंच आहे. तिथे हरकत चालणार नाही. 'थोडे भरा, सेटल करून टाकू' असा वसुलीवाल्याचा फोन येईल, तो मान्य करू नका, कारण अहवालात 'सेटल्ड' असं पडतं आणि पुढचा बँकवाला ते थकबाकीच्या खालोखाल वाईट समजतो. थकलेले हप्ते दंडासकट भरून टाका, कर्ज पूर्ण फिटल्यावर ना-देय दाखला घ्या, दीड-दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा बघा. पैसे मित्राने द्यायला हवेत हे खरं, पण तो देईपर्यंत थांबू नका. आधी भरा, मग त्याच्याशी भांडा.

शनिवारपेठी

आणि भांडायला बोलावताना चहा त्याच्याच यूपीआयवर.